विक्रीबंदी आणि मजुरीचे धान्य : लाखोळी डाळीच्या इतिहासातील एक प्रश्न

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत ज्या कडधान्यास लाख किंवा लाखोळी म्हणतात, त्यास छत्तीसगडात तिवडा आणि बिहार-बंगालकडे खेसारी अशी नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात ते लॅथिरस सॅटिव्हस या नावाने ओळखले जाते. या धान्याचा इतिहास लिहिताना एक विसंगती प्रथमच नजरेस येते. त्याच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात, ही गोष्ट निदान चार शतके ग्रंथांतरी नमूद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ती सरकारी अधिकाऱ्यांच्या लेखनात येऊ लागली, आणि १९६१ पासून तिच्यावर कायद्याचा इलाजही योजण्यात आला. तथापि ज्या प्रदेशात हा रोग सर्वांत अधिक होता, तेथे तो यांपैकी कोणत्याही कारणाने हटलेला दिसत नाही. धोक्याचे ज्ञान आणि धोक्याचे निवारण यांच्यामध्ये हे जे अंतर राहिले, ते कशामुळे राहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम पिकाविषयी. लाखोळीची लागवड करण्यास जवळजवळ काहीच लागत नाही, हाच तिचा मोठा गुण. धान कापणीस येण्यापूर्वी दोनएक आठवडे, बांधीतील माती ओली असतानाच, उभ्या पिकात बी फेकून देतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. या पद्धतीस उतेरा म्हणतात. धान कापून नेल्यावर तळाशी उगवलेली लाखोळी जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येते. शेंगावर्गातील पीक असल्याने हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवून ती पुढील धानासाठी जमीन सुधारते. तिच्या मुळ्या चिकण, घट्ट मातीत शिरतात. पाणी तुंबले तरी ती तग धरते आणि अवर्षण पडले तरीही धरते. कडधान्यांत हे दोन्ही गुण एकत्र क्वचितच सापडतात. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण शेकडा २५ ते ३० च्या दरम्यान असते. पूर्व विदर्भात तिचे वरण करतात, वडे करतात, कोवळ्या पाल्याची भाजी करतात, आणि भुसा जनावरांना घालतात. धानाच्या कोरडवाहू प्रदेशात दुसरे पीक मिळण्याचा इतका स्वस्त मार्ग अन्य नाही. अलीकडे ज्या शेतीस शाश्वत असे विशेषण लावतात, तिची बहुतेक लक्षणे या पिकात कोणाच्याही उपदेशावाचून आलेली आहेत.

परंतु या गुणांतच संकटाचे मूळ आहे. गहू गारांनी झोपला, हरभरा अवर्षणाने करपला, तरी लाखोळी उभी राहते. दुष्काळात गरिबाच्या घरी इतर सर्व धान्ये संपतात आणि हे एकच उरते. मग ते आठवड्यातून दोन वेळा नव्हे, तर रोज दोन्ही वेळा, आणि वरण म्हणून नव्हे, तर भाकरी म्हणून खाल्ले जाते. त्याच्या दाण्यात अल्प प्रमाणात जे विषारी द्रव्य असते, ते अशा स्थितीत परिणाम करू लागते. आहारातील एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक उष्मांक या एकाच धान्यातून दोन-तीन महिने सतत मिळत राहिले, की रोगाचा संभव उत्पन्न होतो. आजार बहुधा एकाएकी येतो. मजूर रात्री निजतो आणि सकाळी उठताना त्याच्या पिंढऱ्या ताठ झालेल्या असतात. पुढे गुडघे वाकलेले, टाचा उचललेल्या, पावले एकमेकांत अडकणारी अशी चाल होते. वैद्यकीय लेखनात रोग्यांची वर्गवारी काठीवरून करण्याचा प्रघात पडला: बिनकाठीचे, एका काठीचे, दोन काठ्यांचे, आणि शेवटी हातांवर सरपटणारे. बुद्धी, वाचा आणि हातांचे बळ बहुधा शाबूत राहते. मृत्यू येत नाही, आणि रोग बराही होत नाही. तरुण पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणजे ज्याच्या पायांवर घर चालते, तोच बसतो.

या रोगाची जाणीव आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कलायखंज नावाच्या वातव्याधीचे वर्णन आहे. चालू लागताच कंप सुटणे, लंगडल्यासारखी गती आणि सांध्यांचे बंध सैल होणे ही त्याची लक्षणे तेथे सांगितली आहेत. येथील कलाय म्हणजे वाटाणा की लाखोळी, याविषयी मतभेद आहेत, आणि केवळ नावाच्या आधारे निर्णय करणे धाडसाचे होईल. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र संदिग्धता राहत नाही. त्रिपुट नावाच्या धान्याचे गुण सांगताना ते लंगडेपणा आणि पांगळेपणा आणणारे आहे, असे भावमिश्राने स्पष्ट म्हटले आहे. त्रिपुट म्हणजे खेसारी, हे सर्वमान्य आहे. याचा अर्थ इंग्रज अधिकाऱ्यांनी या रोगाचा शोध लावला असे म्हणणे चुकीचे होय. त्यांनी केले ते एवढेच की, तो कोठे, केव्हा आणि किती जणांना झाला याची नोंद ठेवली. ती नोंदही कमी मोलाची नाही.

युरोपातही हा अनुभव होता. वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये लॅथिरसचे पीठ भाकरीत वापरण्यास मनाई केली होती, आणि रोगास लॅथिरिझम हे नाव नेपल्स येथील कांतानी या वैद्याने १८७३ मध्ये दिले. १८११-१२ च्या माद्रिदमधील दुष्काळावर गोया या चित्रकाराने जी मुद्राचित्रे कोरली, त्यांतील एकाचे शीर्षकच या धान्याचे आभार मानणारे आहे. त्यात भुकेलेली माणसे पीठ वाटणाऱ्याभोवती जमलेली दिसतात. चित्रकाराच्या मनात उपरोध असावा असे मानण्यास जागा आहे. तथापि त्या वर्षी त्या पिठाने अनेकांस जगविले, हेही तितकेच खरे.

हिंदुस्थानातील पहिला तपशीलवार वृत्तान्त स्लीमन यांचा. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेला हा अधिकारी सागर-नर्मदा प्रदेशातून प्रवास करीत असता एका गावी अनेक तरुण लंगडे असल्याचे त्याच्या दृष्टीस पडले. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने जो घटनाक्रम दिला आहे, तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला. १८३० मध्ये वेळेवर पाऊस न झाल्याने पीक उणे आले. १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने उभे शेत खाल्ले. या तिन्ही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारा आणि एरवी गुरांना टाकला जाणारा तिवडा मात्र जोमाने आला. लोकांनी तो कापला आणि त्याच्या दाण्यावर दिवस काढले. गुरांच्या वाट्यास देठ आणि पाने गेली. १८३३ पासून तिशीच्या आतील माणसांचे पाय जाऊ लागले, आणि दोन वर्षांत त्या गावातील जवळजवळ अर्धी तरुण पिढी पंगू झाली. कार्यकारणाची ही संपूर्ण साखळी, आकाशातील गारेपासून मनुष्याच्या पायापर्यंत, एका मुलकी अधिकाऱ्याने कोणत्याही प्रयोगशाळेच्या साहाय्यावाचून मांडली आहे. पुढील शंभर वर्षांतील बऱ्याच विद्वत्तापूर्ण लेखनाहून ती अधिक अचूक ठरली.

पुढील टप्पा अलाहाबादचा. तेथील सिव्हिल सर्जन अर्व्हिंग यांनी १८५७ च्या सुमारास यमुनेच्या दक्षिणेकडील ‘बारा’ नावाच्या परगण्याची पाहणी केली. तेथे एकंदर लोकसंख्येत शेकडा तीनहून अधिक माणसे या रोगाने लंगडी असल्याचे त्यांस आढळले. जमीन पाणथळ असल्याने तेथे खेसारीवाचून दुसरे पीक नीट येत नसे. खेसारीने माणूस लंगडा होतो हे गावकऱ्यांस ठाऊक नव्हते असे मात्र नाही. ते जाणत होते आणि खात होते. ही बाब पुढील चर्चेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण त्यानंतरच्या बहुतेक उपायांमागे, उघड वा अध्याहृत, असे गृहीत धरलेले दिसते की खाणारा मनुष्य अज्ञानी आहे, आणि त्यास धोका समजावून दिला किंवा धान्य त्याच्या दृष्टीआड केले की काम झाले.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत पोळून निघाला. या काळातील रोगाविषयी ब्युकॅनन यांनी तयार केलेला अहवाल १९०४ मध्ये नागपूर येथे छापला गेला. त्या वेळच्या मध्यप्रांतात नागपूर, भंडारा आणि चांदा हे मराठी जिल्हेही होते, त्यामुळे मराठी प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही हा अहवाल उपेक्षणीय नाही. याच सुमारास, १९०७ मध्ये, रेवा संस्थानच्या महाराजांनी या पिकावर बंदी घातल्याचा उल्लेख मिळतो. संस्थानिकाच्या आज्ञेस त्या काळी जे वजन होते ते पाहता तिचा परिणाम व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात पुढील अर्धशतकभर या रोगाचे सर्वांत मोठे केंद्र म्हणून ज्या भूभागाचे नाव घेतले जाते, तो रेवा हाच होय.

१९२० नंतरच्या दशकात विषय प्रयोगशाळेत शिरला आणि काही काळ गोंधळला. लाखोळी खाणारी सर्वच माणसे आजारी का पडत नाहीत, हा प्रश्न संशोधकांस सतावीत होता. अँडरसन, हॉवर्ड आणि सायमन्सन यांनी १९२५ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, दोष लाखोळीचा नसून तिच्यात मिसळलेल्या अकटा नावाच्या रानटी तणाच्या बियांचा आहे. निवडून शुद्ध केलेली लाखोळी निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ होत होता. हे मत पुढे टिकले नाही. तथापि मधल्या काळात त्याने एक सोयीस्कर शंका निर्माण करून ठेवली. याच सुमारास, १९२८ मध्ये, गॅब्रिएल हॉवर्ड आणि अब्दुर रहमान खान यांनी या पिकाचे ५६ भारतीय प्रकार वर्गीकृत करून प्रसिद्ध केले. फुलांचा रंग, दाण्याचा आकार, परिपक्वतेचा काळ यांत विलक्षण विविधता असलेले हे पीक आहे, ही गोष्ट त्यावरून प्रस्थापित झाली, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी निर्विष वाणाच्या शोधास लागलेल्यांना तिचा आधार मिळाला.

सर्वच खाणारे आजारी का पडत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बियांहून अधिक माणसांच्या परस्परसंबंधांत होते. रेवा-सतना भागात कर्जापोटी जमीनदाराशी बांधलेल्या शेतमजुरास मजुरी रोख पैशांत मिळत नसे. ती धान्यात मिळे, आणि ते धान्य बहुधा लाखोळी किंवा लाखोळीचे मिश्रण असे. जमीनदाराच्या घरीही लाखोळीची डाळ शिजे; पण तेथे ती गहू, तांदूळ, दूध आणि भाजी यांच्या सोबतीस असे. मजुराच्या ताटात तिला सोबत नव्हती. एकाच शेतातील एकच धान्य एका घरी डाळ होते आणि दुसऱ्या घरी विष, ते यामुळे. जो धनी गहू आणि हरभरा विकून पैसा करू शकत होता, त्यास मजुरीसाठी सर्वांत स्वस्त धान्य वापरणे फायद्याचे होते. आणि लाखोळीइतके स्वस्त धान्य दुसरे नव्हते. शिवाय मजुरी धान्यात मिळाल्यावर ती बाजारात नेऊन दुसऱ्या धान्याशी बदलण्याइतकी सवड किंवा पत मजुराजवळ नसे. रोगाच्या दृष्टीने हा व्यवहार दुष्काळाहूनही वाईट होता असे म्हणण्यास हरकत नाही, कारण दुष्काळ एक-दोन वर्षांनी सरतो.

या संदर्भात एका परदेशी घटनेचा उल्लेख आवश्यक वाटतो. कारण तीत हाच प्रश्न उघड्या स्वरूपात दिसतो. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का या छावणीत १९४२ मध्ये ज्यू कैद्यांस गुरांसाठी ठेवलेली लाखोळी उकडून रोजचे अन्न म्हणून देण्यात येऊ लागली. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय ताठरले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला आणि त्याचे कारण सहकैद्यांस व अधिकाऱ्यांस सांगितले. अधिकाऱ्यांवर त्याचा तत्काळ परिणाम झाला नाही. कैद्यांनी ते अन्न एकत्रितपणे नाकारले तेव्हा, १९४३ च्या प्रारंभी, शिधा बदलण्यात आला. पुष्कळांच्या बाबतीत तोवर उशीर झाला होता. केसलर यांनी पुढे आयुष्यभर त्यांतील रोग्यांचा पाठपुरावा केला. धोक्याची सूचना खरी होती, ती वेळेवर दिली गेली, ऐकणाऱ्यांस ती पूर्णतः समजली. तरीही ते अन्न सुटले, ते नाकारण्याची संघटित शक्ती निर्माण झाल्यानंतरच. रेव्याच्या मजुरापाशी ती शक्ती नव्हती. ती छावणी आणि रेव्याचे खेडे यांची सर्व बाबतींत तुलना करणे अर्थातच अनुचित होईल.

स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रेवा येथे या रोगाच्या पाहणीसाठी पथक नेमले. गणपती आणि द्विवेदी, व पुढे द्विवेदी आणि प्रसाद, यांच्या पाहण्यांमुळे रेवा आणि सतना जिल्ह्यांतील रोग्यांची संख्या हजारांच्या घरात असल्याचे उघड झाले. १९५४ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा संमत झाला होताच. त्याखालील नियमावलीत १९६१ मध्ये ४४-अ हा नियम आला. या नियमाची शब्दरचना बारकाईने पाहिली पाहिजे. संबंधित राज्य सरकार अधिसूचनेने जी तारीख ठरवील त्या तारखेपासून, केसरी धान्य, त्याची डाळ, त्याचे पीठ, तसेच हरभऱ्याशी किंवा अन्य डाळीशी केलेले त्याचे मिश्रण, कोणीही विकू नये, विक्रीस मांडू नये, किंवा विक्रीच्या हेतूने जवळ बाळगू नये, असा त्याचा आशय आहे.

या तरतुदीत दोन दरवाजे उघडे राहिले. पहिला सर्वांच्या नजरेस आला: तारीख ठरविणे राज्यांवर सोपविलेले होते, आणि ज्या राज्यांत हे पीक सर्वाधिक होते त्या मध्यप्रदेश, बिहार व पश्चिम बंगाल या राज्यांनी बंदी लागू केली नाही. लक्षावधी एकरांवरील पीक एका अधिसूचनेने निरुपयोगी ठरविणे कोणत्याही सरकारास परवडणारे नव्हते, हे त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दुसरा दरवाजा अधिक मोठा होता, आणि त्याची चर्चा मात्र फारशी झालेली नाही. नियमाने निषिद्ध केली ती विक्री. पेरणे, आपल्या घरी खाणे आणि मजुरी म्हणून मापून देणे हे त्याच्या कक्षेत स्पष्टपणे येत नव्हते. ज्याचे पाय जात होते, तो हे धान्य दुकानातून विकत घेत नव्हता. मध्यप्रदेशाने उद्याच अधिसूचना काढली असती, तरी खळ्यावर होणाऱ्या त्या मापास ती कितपत अडवू शकली असती, याची शंकाच आहे. भेसळीचा कायदा हा मुळात ग्राहकाच्या संरक्षणासाठी असतो. त्यात मजुराचा प्रश्न बसविण्याचा प्रयत्न झाला.

परिणामी धोक्याची सूचना ज्यांच्यापर्यंत पोहोचली, ते लोक निराळे होते. शहरांत तूरडाळीत आणि बेसनात लाखोळीची भेसळ होते, ही गोष्ट खरीच होती. दोहोंचा रंग जुळतो आणि भावात फरक असतो. गृहिणींसाठीच्या पुस्तिकांत आणि शालेय पाठ्यपुस्तकांत डाळीचा संशय आल्यास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ती गरम करून पाहावी, गुलाबी रंग आल्यास लाखोळी समजावी, अशी परीक्षा दिली जाऊ लागली. दाण्याचा आकार कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, एका बाजूस निमुळता असतो, हेही शिकविण्यात आले. अशा भेसळीमुळे शहरातील कुटुंबाच्या पोटात जाणारे लाखोळीचे प्रमाण इतर अन्नाच्या मानाने इतके थोडे असते की, त्यापासून पक्षाघात होण्याचा संभव नगण्यच म्हटला पाहिजे. ग्राहकाची फसवणूक होत होती आणि ती रोखणे योग्यच होते. पण पाय गमावण्याची भीती ज्या घरात पोहोचविली गेली, तेथे पाय गमावण्याचा प्रसंग नव्हता. आम्लाची बाटली ज्याच्या घरी असेल त्यास ही डाळ पोट भरण्यासाठी खावी लागत नाही, ही साधी गोष्ट लक्षात घेतली गेली नाही. शिवाय ‘किती’ हा शब्द या सूचनांतून गळालेला होता. किती खाल्ले असता, किती दिवस, आणि कशाच्या सोबतीने, या तीन प्रश्नांवाचून या धान्याविषयी काहीही खरे सांगता येत नाही.

विज्ञानाची प्रगती यानंतर झपाट्याने झाली. १९६४ मध्ये बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि शर्मा यांनी लाखोळीच्या बियांतून चेताविषारी अमिनो आम्ल वेगळे काढले आणि त्याची रचना निश्चित केली. त्याच वर्षी मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमण्यम यांनीही ते स्वतंत्रपणे वर्णन केले. ओडॅप या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. तणाच्या बियांचा सिद्धान्त यामुळे मागे पडला. माकडांवरील प्रयोगांनी या द्रव्याचा रोगाशी असलेला संबंध १९८६ मध्ये अधिक दृढ झाला. हे द्रव्य पाण्यात विरघळते, ही गोष्ट अन्नतंत्राच्या दृष्टीने आशादायक होती. हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेत मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी १९६६ मध्ये एक सोपी कृती प्रसिद्ध केली: डाळ भरपूर पाण्यात उकळून किंवा गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. विषाचा बहुतेक भाग पाण्याबरोबर निघून जातो. भाताच्या उकड्या तांदळाप्रमाणे आख्ख्या दाण्यावर हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर करता येईल, अशीही सूचना पुढे आली.

कृती निर्दोष होती. परिस्थिती निर्दोष नव्हती. लाखोळी जास्तीत जास्त खाल्ली जाते ती दुष्काळात, आणि दुष्काळात ज्या दोन वस्तू घरात सर्वांत कमी असतात, त्या म्हणजे पाणी आणि सरपण. फेकून द्यावयाच्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. मजुराच्या आहारात ती आधीच अपुरी. शिवाय तो डाळ शिजवीत नसे, पीठ करून भाकरी थापीत असे, त्यामुळे उकळून पाणी काढण्याचा टप्पा त्याच्या स्वयंपाकात नव्हताच. धुऊन वाळवून पुन्हा दळण्याचे काम दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईच्या वाट्यास येणार होते.

आणि तरीही रोग ओसरला. १९७० नंतरच्या दशकांत रेवा भागात नवे रोगी कमी होत गेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते क्वचितच आढळू लागले. याचे श्रेय एकाच कारणास देणे कठीण आहे, परंतु दिशा स्पष्ट दिसते. सिंचन वाढले, गव्हाचे आणि धानाचे उत्पन्न वाढले, रास्त भावाच्या दुकानांतून गहू-तांदूळ खेड्यात पोहोचले. वेठबिगारी नष्ट करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली असे कोणी म्हणणार नाही, तथापि मजुरी रोखीत मिळू लागली आणि मजुरास आपले धान्य निवडता येऊ लागले. ज्या मध्यप्रदेशात विक्रीबंदी कधीच लागू झाली नव्हती, तेथे हा रोग मावळला. या एका वस्तुस्थितीस सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात जितके लक्ष मिळावयास हवे होते तितके मिळालेले नाही.

महाराष्ट्रात मात्र बंदी लागू झाली, आणि तिचा भार पूर्व विदर्भातील धान-शेतकऱ्यावर पडला. त्याने लाखोळी पेरणे सोडले नाही, कारण त्या बांधीत त्या ऋतूत दुसरे काही फुकट येत नव्हते. उघड बाजार बंद झाल्याने मिळेल त्या भावाने माल देणे त्यास भाग पडले, आणि जे धान्य स्वतःच्या नावाने विकता येत नाही ते दुसऱ्याच्या नावाने विकले जाण्याचा संभव वाढतो. भेसळ रोखण्यासाठी केलेल्या बंदीने भेसळीस एक कारण पुरविले, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही. विदर्भात या बंदीविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन चालले. लाखोळी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात आहे आणि गावात लंगडा माणूस नाही, असा आंदोलकांचा युक्तिवाद असे. तो निरीक्षण म्हणून खरा होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या पोषण संस्थेच्या पाहणीतही पूर्व विदर्भात लाखोळी आहारात असूनही तिचे प्रमाण अल्प असल्याचे आणि रोग जवळजवळ नसल्याचे दिसून आले. मात्र त्यावरून हे धान्य सर्वथा निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे सागरच्या त्या गावाचा वृत्तान्त विसरणे होय. तेथेही १८२९ पूर्वी कोणी लंगडा नसेल.

दरम्यान पीकसुधारणेचे काम चालू राहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७४ मध्ये पुसा-२४ हा अल्पविषारी वाण दिला. त्यानंतर १९९७ मध्ये रतन, आणि पुढे छत्तीसगडातून प्रतीक व महातिवडा हे वाण आले. त्यांत ओडॅपचे प्रमाण शेकडा ०.१ हून कमी असल्याचे सांगितले जाते, तर जुन्या गावठी वाणांत ते याच्या अनेक पट असू शकते. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीने जुना विक्रीनिर्बंध पुढे चालू ठेवला. २०१६ च्या आरंभी, डाळींचे भाव चढलेले असताना, या वाणांच्या आधारे बंदी उठविण्याचा विचार केंद्र पातळीवर पुढे आला आणि त्यावर अनुकूल व प्रतिकूल अशी दोन्ही मते वृत्तपत्रांतून प्रकट झाली. त्या वादातही ‘विषारी डाळ’ आणि ‘गरिबाचे प्रथिन’ या दोन शब्दप्रयोगांपलीकडे चर्चा क्वचितच गेली.

नव्या वाणांसंबंधी काही गोष्टी मात्र त्या चर्चेत यावयास हव्या होत्या. ओडॅपचे प्रमाण केवळ वाणावर अवलंबून नसते. जमीन आणि हवामान यांनी ते बदलते, आणि पाण्याचा ताण पडला असता ते वाढते. म्हणजे ज्या वर्षी लोकांना हे धान्य अधिक खावे लागेल, त्याच वर्षी त्यातील विष अधिक असण्याचा संभव आहे. मधमाश्यांच्या द्वारे शेजारच्या शेतातील गावठी लाखोळीशी काही प्रमाणात संकर होतो, म्हणून शुद्ध बी दरवर्षी मिळाल्यावाचून वाणाचा गुण टिकत नाही. आणि उतेऱ्याचा शेतकरी बी विकत घेत नाही, गेल्या वर्षीच्या खळ्यातील मूठभर राखून ठेवतो. प्रतीकचा दाणा आणि गावठी दाणा एका पोत्यात मिसळले गेले, तर भंडाऱ्याच्या बाजारातील व्यापाऱ्यास किंवा तो विकत घेणाऱ्या मजुरास त्यांतील विषाचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.